फडकी, गाठी आणि माझी सिस्टीम

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७:१०

नवीन डायरी. खरं तर गेल्या वर्षीचीच, पण सातच पानं वापरली होती. ती फाडली.

टिलवानी साहेब रिटायर होतायत. पंच्याहत्तर पूर्ण झाली. शुक्रवारी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून म्हणाले, बस्स झालं, गुडघे आता कोर्टाच्या पायऱ्या चढू देत नाहीत. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, ऑफिसच्या पाटीवर नवीन नाव लागेल, आणि ज्याला हे ऑफिस समजतं त्याचंच लागेल. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे कॅलेंडर आहे हे मान्य. पण ते कॅलेंडर बघत नव्हते.

उमेदवार बघू. मी: ॲड. राजेंद्र दळवी, वय ४४, या ऑफिसात सोळा वर्षं. प्रतिभा साबळे: वय २८, साडेतीन वर्षं, मांजर्लीहून स्कूटीने येते. हुशार आहे, पण सारखी वहीत लिहीत असते. ज्याला लक्षात राहत नाही तोच लिहितो. शीलाताई भालेराव: क्लार्क, एकतीस वर्षं, पण वकील नाहीत, त्यामुळे प्रश्न मिटला. म्हणजे उमेदवार एक.

भारतीला सांगितलं. ती म्हणाली, मग आज तरी वेळेवर जा. भारती अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. बायको आहे म्हणून ऐकून घेतो.

संकल्प: रोज साडेनऊला ऑफिसात.

सायंकाळी: १०:५०ला पोचलो. अंबरनाथला रस्ता खोदलाय. (पलीकडच्या बाजूला खोदलाय. पण मन विचलित होतं.)

९ जानेवारी, गुरुवार

वेबिनार पाहिला. फुकट होता. विषय: लॉ फर्ममधलं नॉलेज मॅनेजमेंट. डोळे उघडले. मध्ये दोनदा मिटलेही, पण तो दुपारच्या भाताचा दोष.

सार असं. वकिलाचं भांडवल म्हणजे खुर्ची-टेबल नव्हे, ठाऊक असलेल्या गोष्टी. कुठला अर्ज कसा लिहायचा, कुठला कागद कुठे आहे, कुठल्या पक्षकाराला काय सांगायचं नाही. हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात राहिलं, तर तो माणूस गेल्यावर फर्म ठार अडाणी होते. म्हणून ते डोक्यातून काढून सिस्टीममध्ये ठेवायचं. मुंबईच्या मोठ्या फर्म्समध्ये यासाठी म्हणे वेगळा माणूस असतो, आणि त्याला कोर्टात जावं लागत नाही. हे फार आवडलं.

आमचं सगळं ज्ञान कुठे आहे? शीलाताईंच्या डोक्यात. वय त्रेसष्ट, बीपीची गोळी चालू. वेबिनारच्या भाषेत हा 'की पर्सन रिस्क'. हे मी विश्वासाने फक्त प्रतिभाला सांगितलं. चार वाजता शीलाताईंनी थर्मासमधून चहा ओतून कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, घ्या दळवी साहेब, रिस्कच्या हातचा आहे.

प्रतिभा विश्वासू नाही. नोंद केली.

१३ जानेवारी, सोमवार

ऑफिसची सध्याची अवस्था लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फरक दिसेल.

जागा उल्हासनगर कॅम्प तीन, दुसरा मजला, खाली पापड-लोणच्याचं दुकान. मागच्या खोलीत चार लोखंडी कपाटं. आत फाइली नाहीत, गाठोडी! कागद फडक्यांत बांधलेले. पिवळी फडकी, हिरवी फडकी, लाल काठाची, एक तर चक्क जुन्या परकराचं. प्रत्येकाची गाठ वेगळी. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाचं टोक आत खोचलेलं. वर नंबर नाही, लेबल नाही. पक्षकार दारात दिसला की शीलाताई कपाटाशी जातात, हात घालतात आणि त्याचं गाठोडं काढून आणतात. घड्याळ लावून पाहिलं. वीस सेकंद.

हे फार धोकादायक आहे.

साहेबांना प्लॅन दाखवला. अकरा स्लाइड्स. सातव्या स्लाइडला साहेब म्हणाले, राजू साईं, करो, जो करना है करो, लेकिन शीला को पूछ के करो. म्हणजे होकार.

१७ जानेवारी, शुक्रवार

शीलाताईंच्या डोक्यातून ज्ञान काढायला सुरुवात. फॉर्म तयार केला, चाळीस प्रश्नांचा. प्रश्न पहिला: आपल्याला काय काय माहीत आहे?

त्यांनी चष्मा लावून वाचला. म्हणाल्या, कशाबद्दल? म्हटलं, सगळ्याबद्दल. त्या म्हणाल्या, साहेब, असं कसं सांगता येईल, माणूस समोर आला की आठवतं. यालाच टॅसिट नॉलेज म्हणतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. बैठक चांगली झाली. फोनवर रेकॉर्ड केली.

१८ जानेवारी, शनिवार

रेकॉर्डिंग थोडं ऐकलं. एकूण एक तास चार मिनिटं. साधारण अठ्ठावन्न मिनिटं मी बोलतोय. पण मुद्देसूद बोललोय.

२७ जानेवारी, सोमवार

क्लाउडवर जागा घेतली. फोल्डर केले: नोटिसा, दावे, अर्ज, जजमेंट्स, किरकोळ. ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, नाव 'टिलवानी नॉलेज'. पहिली पोस्ट मी टाकली: ज्ञान वाटल्याने वाढतं. दुसरी साहेबांची: गुलाबाचं फूल, शुभ प्रभात. तिसरी कुणाचीच नाही.

नोटिसांच्या फोल्डरमध्ये एकाच नोटिशीचे नऊ मसुदे सापडले. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी', 'हीच वापरा', 'ही नको'. सगळे माझेच. 'ही नको' सगळ्यात चांगली आहे.

नवा नियम लावला: कुणीही शीलाताईंना काही विचारायचं नाही. आधी सिस्टीमला विचारायचं.

संकल्प: रोज एक नॉलेज नोट लिहायची. आजची नोट: हा संकल्प.

५ फेब्रुवारी, बुधवार

नियम उत्तम पाळला जातोय. ऑफिसात शीलाताईंना कुणी काही विचारत नाही. मात्र जिन्यात गर्दी वाढलीय. खाली उतरताना पाहिलं, दुसऱ्या ऑफिसचे दोन वकील आणि आमची प्रतिभा पापडवाल्याच्या बाकड्यावर शीलाताईंभोवती बसून काही विचारत होते. मला पाहून सगळे पापडांकडे बघायला लागले.

नॉलेज नोट्स: एकूण एक.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दर शनिवारी पाच वाजता 'लेसन्स लर्न्ट' मीटिंग, असं जाहीर केलं होतं. या आठवड्यात कोर्टात काय चुकलं, काय शिकलो, हे प्रत्येकाने सांगायचं. आज पहिली. हजर: मी. माझं काही चुकलं नसल्याने पाच मिनिटांत संपली.

भारती म्हणाली, तिच्या प्लँटवर जुना ऑपरेटर रिटायर होणार असेल तर नवा माणूस सहा महिने नुसता त्याच्या शेजारी उभा करतात, फॉर्म देत नाहीत. म्हटलं, केमिकल वेगळं, कायदा वेगळा. ती म्हणाली, हो, आमच्याकडे चुकलं की वास येतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवसी आली होती. बारवी धरणाच्या अंगाला एका वाडीवर राहते, सोबत भाऊ चांगो. मॅटर माझी. यांची डोंगरउतारावर भाताची दोन खाचरं, आजोबांपासून कसतात. शेजारी फार्महाऊसचे प्लॉट पडले आणि प्लॉटवाल्यांनी खाचरांवरूनच कुंपण आखलं. आपण कोर्टातून स्टे आणलाय. कुंपण थांबलंय.

पुढची तारीख २० मार्च. कोर्टाने त्या दिवशी एक मूळ कागद मागितलाय. हा कागद गमतीचा आहे. सत्तर-पंच्याहत्तर सालच्या सुमारास तिथे शेती केली म्हणून नवसीच्या आज्याला, सोमाला, वन खात्याने दंड केला होता. त्या दंडाची पावती. दंड झाला म्हणजे तेव्हा तो तिथे कसत होता! तेवढा एकच पुरावा. झेरॉक्स कोर्टात आहे, पण समोरचे म्हणतात ती बनावट आहे, अस्सल दाखवा. नाही दाखवली तर स्टे उठणार आणि दुसऱ्या दिवशी खांब पुरले जाणार.

नवसी माझ्याशी बोललीच नाही. सरळ शीलाताईंकडे गेली. विचारत होती, ताई, माज्या आज्याची पावती हाय ना नीट? शीलाताई म्हणाल्या, हाय, पिवळ्यात हाय, जा बिनघोर.

पिवळ्यात! याला मी उत्तर म्हणत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्री

सुट्टी. अंबरनाथला शिवमंदिराची जत्रा, म्हणून पहाटेच निघून उल्हासनगर गाठलं. साडेसातला ऑफिसात. आयुष्यात पहिल्यांदा. साहेब घरी, शीलाताई लेकीकडे वांगणीला. कामाला उत्तम दिवस.

आज फेज वन पूर्ण केली. एकट्याने!

एकशे चौदा गाठोडी सोडली. काही गाठी इतक्या घट्ट, की दाताने सोडाव्या लागल्या. सगळे कागद निळ्या बॉक्स फाइलींत, एकसारख्या, वर छापील लेबल, अ ते ज्ञ. सुट्या कागदांवर जे नाव वर दिसेल त्या नावाच्या बॉक्समध्ये. भावनेला थारा नाही. स्कॅनिंगही केलं, प्रत्येक फाइलचं पहिलं पान. बाकीची पानं फेज थ्री.

पुष्कळ कागदांच्या कडा पिवळ्या पडल्यात. माझी बोटंसुद्धा पिवळी झाली. काय ही जपणूक.

फडक्यांचा ढीग उरला. भंगारवाल्याने नको म्हटलं. खाली रिक्षा स्टँडवर वाटून टाकली. रिक्षावाले फार खूश झाले. एकाने मला शेठ म्हटलं.

घरी येऊन भारतीला कपाटांचे फोटो दाखवले. ती म्हणाली, छान दिसतंय, शीलाताईंना विचारलंस का? सगळ्यांना एकच प्रश्न सुचतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शीलाताई आल्या. कपाटं उघडली. दहा मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. बहुतेक भारावल्या.

मग खाली गेल्या. खिडकीतून पाहिलं, रिक्षावाल्यांशी काही बोलणं चाललं होतं. एक जण हिरव्या फडक्याने काच पुसत होता, ते त्याच्याकडून मागून घेतलं. अर्ध्या तासाने सात-आठ फडकी घेऊन वर आल्या, त्यांच्या घड्या घालून खणात ठेवल्या. मला फक्त म्हणाल्या, विचारायचं तरी होतं, साहेब.

जुन्या माणसांचा वस्तूंत जीव अडकतो. नोंद: चेंज मॅनेजमेंटवर वेबिनार शोधणे.

५ मार्च, बुधवार

सिस्टीमची चाचणी. पक्षकार आला, नाव सांगितलं, मी बॉक्स शोधला. एकेचाळीस मिनिटं. तो मधल्या वेळात जेवून आला. पण कागद सापडला. दुसऱ्याचा होता, पण अगदी नीट लावलेला.

सिस्टीमला माणसांची सवय व्हायला वेळ लागतो.

१० मार्च, सोमवार

आज थोडी गडबड.

हरेश आणि महेश, कॅम्प दोनचे भाऊ. दुकानात घुसून बसलेल्या भाडेकरूविरुद्ध दोघांची मिळून एक केस आपल्याकडे आहे. मी सिस्टीममधून दोघांना साडेअकराची वेळ पाठवली. कार्यक्षमता म्हणून. दोघे दारात समोरासमोर आले. मग कळलं, की ते नऊ वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. आज नऊ वर्षांचं सगळं एकदमच बोलले, सिंधीत. त्यात पाण्याचा जार फुटला आणि 'साहेबांची बायपास झालीय, हळू बोला' म्हणायची वेळ आली ती वेगळीच. प्रतिभाने एकाला केबिनमध्ये आणि दुसऱ्याला पापडवाल्याकडे नेऊन बसवलं.

शीलाताई पाणी पुसता पुसता म्हणाल्या, हिरवं फडकं म्हणजे घरातलं भांडण, दोघांना कधी एका दिवशी बोलवायचं नाही. लाल काठ म्हणजे स्टे चालू आहे, तारीख चुकवायची नाही. दोन गाठी म्हणजे मी असल्याशिवाय कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही.

मी चिडलो. म्हटलं, एवढी महत्त्वाची माहिती तुम्ही मला आधी द्यायला हवी होती! त्या म्हणाल्या, दिली होती.

जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. एकेचाळिसाव्या मिनिटाला त्या म्हणतात, साहेब, फडक्यांचं मात्र आधी समजून घ्या. त्यावर मी म्हणतो, ते आपण फेज टूमध्ये घेऊ.

आवाज माझाच आहे.

१७ मार्च, सोमवार

गुरुवारी नवसीची तारीख. 'न'चा बॉक्स काढला. दावा आहे, स्टेची नक्कल आहे, पावतीची झेरॉक्स आहे. मूळ पावती नाही.

घाबरण्याचं कारण नाही. 'स'मध्ये असेल, सोमाची म्हणून. नाहीतर 'च'मध्ये, चांगोच्या नावाने.

सायंकाळी ५: 'स'मध्ये नाही. 'च'मध्येही नाही.

१८ मार्च, मंगळवार

'अ' ते 'ट' पाहून झालं. नाही. शेवटी शीलाताईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा एखादी अस्सल पावती असेल, तर ती पूर्वी कुठे असायची.

त्यांनी लगेच ओळखलं. चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, सव्वीस जुलैच्या पुरात मांजर्लीत लोकांच्या घरात छातीएवढं पाणी होतं, किती जणांची खरेदीखतं, दाखले, सगळ्याचा लगदा झाला. तेव्हापासून नदीकाठचे आणि डोंगरावरचे लोक आपले मूळ कागद ठेवायला इथे आणून देतात. त्यांचं घर पुरात जातं नाहीतर गळतं. ते सगळे मी पिवळ्या फडक्यात वेगळे बांधायची. फाइलीत कधीच ठेवले नाहीत. साहेब, ते तुम्ही कुठे ठेवलेत?

मी म्हणालो, सिस्टीममध्ये.

१९ मार्च, बुधवार

'ठ' ते 'म'. नाही. प्रतिभा शेजारी बसून शोधत होती. तिने एकदाही टोमणा मारला नाही, याचा फार त्रास झाला.

नवसीचा फोन आला. मी उचलला नाही. शीलाताईंनी उचलला आणि म्हणाल्या, ये उद्या, आम्ही आहोत.

आज भीती वाटली. लिहून ठेवतो, कारण उद्या मी हे मान्य करणार नाही. पाटीचं काय व्हायचं ते होवो, पण त्या बाईची खाचरं माझ्या लेबलांपायी जातील, हे जेवताना डोक्यातून जाईना. भारतीने विचारलं, काय झालं. सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, उद्या तू शोधू नकोस, ज्यांना येतं त्यांना शोधू दे.

२० मार्च, गुरुवार

नोंद क्रमाने करतो.

११:२०. नवसीची मॅटर निघाली. मी उभा राहून वेळ मागितला. समोरचा वकील म्हणाला, पावती असेल तर आणतील ना, साहेब. कोर्टाने मला विचारलं, कागद आहे का ऑफिसात? मी म्हटलं, आहे. हे खरं होतं. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही. दुपारी पावणेतीनला आणा, नाहीतर ऑर्डर करतो, म्हणाले. नवसी आणि चांगो मागच्या बाकावर होते. त्यांच्याकडे बघणं टाळलं.

१२:१०. धावत ऑफिसात. शीलाताई मागच्या खोलीत खाली जमिनीवर बसलेल्या, प्रतिभा उभी. शीलाताई तिला सांगत होत्या, की नावं वाचत बसू नकोस, कडा बघ. पिवळी फडकी बाजारातून रंगवून आणलेली नव्हती, मी घरी हळदीत रंगवायची. वाळवी लागत नाही म्हणून. वीस वर्षं हळदीत राहिलेला कागद कडेने पिवळा होणारच.

प्रतिभाने बॉक्स आडवे करून नुसत्या कडा बघत पुढे जायला सुरुवात केली. मी म्हणालो, मी काय करू? शीलाताई म्हणाल्या, तुम्ही बसा.

१२:२२. सापडली. 'व'च्या बॉक्समध्ये. पावतीवर वरती ठळक छापलंय: वन विभाग. मी ते पक्षकाराचं नाव समजलो होतो. लेबलवर मीच टाइप केलंय: विभाग, श्री. वन.

२:४५. पावती कोर्टासमोर. प्रतिभाने दाखवली, कारण मला दम लागला होता. समोरच्याने उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. स्टे कायम.

बाहेर नवसीने शीलाताईंचा हात धरला आणि सोडेचना. माझ्याकडे बघून म्हणाली, वकीलसाहेब, तुमची तब्येत बरी नाय का?

बरी होती.

२१ मार्च, शुक्रवार

रात्रीतून गोष्टी स्पष्ट होतात. शांतपणे विचार केला तर कालचा दिवस नॉलेज मॅनेजमेंटचं यश आहे. एकशे चौदा गाठोड्यांच्या कागदांतून एक कागद फक्त बारा मिनिटांत! साहेबांना तसा रिपोर्ट दिला, दोन पानी, आलेखासह. साहेबांनी आलेख उलटा धरला होता, तरी बराच वेळ पाहत राहिले.

२९ मार्च, शनिवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. एकट्याला. मी नवा टाय घातला होता.

म्हणाले, पाटीवर प्रतिभाचं नाव लागेल.

मी ऐकण्यात चूक झाली का म्हणून थांबलो. चूक नव्हती. मग मी सोळा वर्षं, क्लाउड, बॉक्स, ग्रुप, सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून प्रतिभाची वही काढून माझ्यापुढे ठेवली. तिने ती त्यांना वाचायला दिली होती. साडेतीन वर्षं रोज जेवताना तिने शीलाताईंना एक प्रश्न विचारलाय, आणि उत्तर लिहून घेतलंय. कोणती गाठ कशाची. कुठल्या पक्षकाराला ऐकू कमी येतं. कुणाला वाचता येत नाही पण तो तसं सांगत नाही, म्हणून कागद आपणच वाचून दाखवायचा. साडेसातशेच्या वर प्रश्न.

साहेब म्हणाले, तेरा वो वेबिनार वाला बात एकदम सही है, राजू. ऑफिस का ज्ञान एक आदमी के दिमाग में नहीं रहना चाहिए. लेकिन तू पूछता नहीं. तू बताता है.

तर्काच्या दृष्टीने यात एक त्रुटी आहे. सापडली की लिहीन.

३० मार्च, रविवार. पाडवा

चेटीचंडही आजच. पाटी लागली. अक्षरं पांढरी, जरा लहान आहेत. साहेबांच्या घरून ताहिरी आली होती, म्हणजे त्यांच्याकडचा गोड केशरी भात. दोनदा घेतला. प्रतिभाने पाया पडू का विचारलं. नको म्हटलं. तरी पडली. वाईट वाटलं. खूप वाटलं. आधी पाटीमुळे, मग तिच्यामुळे.

संकल्प: ऑफिस सोडणार. कल्याणला स्वतःची प्रॅक्टिस.

३१ मार्च, सोमवार

कल्याणला भाडी फार आहेत.

२ एप्रिल, बुधवार

मधले दोन दिवस ऑफिस बंद होतं, पाटीनंतरचा हा पहिलाच दिवस. प्रतिभाने पहिलं काम काढलं. नवीन फडकी शिवून आणलीत, पिवळी शीलाताईंनी घरी रंगवलीत. बॉक्स काढून टाकले नाहीत, त्यांवर लेबलंही राहणार आणि आत फडकीही. म्हणजे माझी सिस्टीम तत्त्वतः मान्य झाली. प्रत्येक वकिलाने आपापल्या मॅटर स्वतः बांधायच्या. बांधण्याआधी शीलाताईंना त्या पक्षकाराबद्दल सांगायचं. त्या हो म्हणाल्या, तरच गाठ. प्रतिभा म्हणाली, सर, सुरुवात तुमच्यापासून, तुम्ही सीनियर.

मी सोपी मॅटर घेतली. सगुणाबाई, अंबरनाथ, घराच्या ताब्याचा दावा. अकरा वर्षं मीच चालवतोय. खाली जमिनीवर मांडी घालून बसलो. पाय अवघडले.

नंबर सांगितला, कलमं सांगितली, पुढची तारीख सांगितली. शीलाताई म्हणाल्या, ते वरच लिहिलंय, बाईचं सांगा. मी म्हटलं, सगुणाबाई, ज्येष्ठ नागरिक, विधवा, फार समजूतदार. दर तारखेला न चुकता येतात, गेल्या महिन्यातही येऊन बसल्या होत्या. घर मिळालं की त्यांना शेवटचे दिवस तिथे काढायचेत, असा माझा युक्तिवाद आहे. कोर्टालाही तो पटतो.

शीलाताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हणाल्या, सगुणाबाई जाऊन दोन वर्षं झाली, साहेब, दिवाळीच्या आधी. येते ती अंजनी, त्यांची मुलगी. वारस लावायचा अर्ज प्रतिभाने तेव्हाच दिलाय.

अर्ज काढून पाहिला. खाली सही माझी आहे.

मला वाटत होतं, बाईंची तब्येत सुधारत चाललीय.